खंडेराव मौले आणि फुकटची सीट

खंडेराव मौल्यांना स्वस्त वस्तूचा राग येतो. वस्तू चांगली आहे की वाईट हा पुढचा प्रश्न. आधी ती स्वस्त आहे, हाच तिचा गुन्हा.

नाशिकला सातपूरच्या आमच्या कारखान्यात ते बाहेरून येणाऱ्या मालाची तपासणी करतात. अठ्ठावीस वर्षं झाली. खिशात मायक्रोमीटर, कानामागे पेन्सिल आणि चेहऱ्यावर असा भाव, की समोरच्या माणसातही कुठेतरी दोन मायक्रॉनची चूक असणारच. सगळा कारखाना त्यांना नाना म्हणतो. अंबडचा एखादा छोटा वर्कशॉपवाला पिना घेऊन आला की नाना त्याला बाहेरच्या बाकावर तासभर बसवतात. मग पेटीच्या तळातला एक नग उचलतात, नखाने कड चाचपतात आणि म्हणतात, "घेऊन जा. धार राहिलीय." तो बिचारा हात जोडतो, चहा पाजतो, पेटी परत टेम्पोत चढवतो. तेच एखाद्या परदेशी कंपनीचं बेअरिंग चकचकीत डब्यात आलं, की नाना डबा उघडतसुद्धा नाहीत. बिलावरची किंमत वाचतात आणि 'पास'चा शिक्का मारतात.

मी तिथे क्वालिटी इंजिनिअर आहे. कागदावर नानांचा साहेब, प्रत्यक्षात त्यांचा श्रोता. नवा असताना मी एकदा म्हणालो होतो, "नाना, हेही उघडून बघायला हवं."

"इंजिनिअर साहेब, साडेअकरा हजाराचं बेअरिंग आहे ते," नाना म्हणाले. "एवढे पैसे घेणारा माणूस खोटं कशाला बोलंल?"

या वाक्यावर त्यांचं आयुष्य उभं आहे. बूट महागातला, डॉक्टर महागातला, मुलीच्या बारावीचा क्लास महागातला. त्या क्लासची फी मात्र नानांच्या पगारातून गेली नाही. मखमलाबाद शिवारात भावांच्या वाटणीत त्यांना सहा गुंठे मिळाले. तिथे त्यांची बायको यशोदाबाई झेंडू आणि शेवंती करते. पहाटे फुलं तोडायची, आठच्या आत फूलबाजारात पोचवायची, आलेला पैसा पत्र्याच्या डब्यात. क्लासची फी त्या डब्यातली होती. नाना हे कुणाला सांगत नाहीत. फुलं किलोवर विकली जातात आणि किलोवर विकल्या जाणाऱ्या वस्तूला नानांच्या लेखी इज्जत नाही.

नानांची खरी हुशारी दिसते ती ऑडिटच्या आठवड्यात. गिऱ्हाईक कंपनीचे लोक तपासणीला येणार असले की हा माणूस दहा वर्षांनी तरुण होतो. जमिनीवर नवे पिवळे पट्टे मारून घेतो. मापं घ्यायच्या गेजांवर ताज्या तारखेची स्टिकरं चिकटवतो. खराब मालाचा लाल डबा रिकामा करून त्यात निवडून चार नग ठेवतो, कारण अगदीच रिकामा डबा कुणाला खरा वाटत नाही. उरलेला खराब माल टेम्पोत भरून दिवसभर गंगापूर धरणाकडे फिरवून आणतो. संध्याकाळी पाहुणे खूश होऊन गेले, की टेम्पो परत. गेल्या वर्षी आम्हाला शंभरपैकी शहाण्णव गुण मिळाले. त्याच महिन्यात आमच्या तीन पेट्या गिऱ्हाइकाने परत पाठवल्या. नानांनी शहाण्णवचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि पेट्या जिन्याखाली ठेवल्या.

हे मी आधी सांगतोय, कारण पुढचं त्याशिवाय खरं वाटणार नाही.

भाग्यश्री ही नानांची एकुलती एक मुलगी. यंदा तिला सीईटीला त्र्याण्णव पर्सेंटाइल पडले आणि सरकारी प्रवेशफेरीत नाशिकच्याच एका जुन्या कॉलेजात मेकॅनिकलची जागा मिळाली. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, वर मुलगी, त्यामुळे फी माफ. मी कँटीनमध्ये नानांचं अभिनंदन केलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात कुणाचं तरी उष्टं वाढलं.

"फुकट आहे ते," ते म्हणाले.

"फुकट नाही नाना, माफ आहे. मुलींसाठी सरकारनं…"

"सरकार रेशनचा तांदूळ पण देतं. खाता का तुम्ही?"

"आमच्याकडे खातात," मी म्हणालो.

नानांनी विषय बदलला. त्यांच्या मनात दुसरंच कॉलेज होतं. पुण्याजवळचं एक खासगी विद्यापीठ. तिथे रोबोटिक्स आणि ऑटोमेशन ही शाखा होती, आणि ती हवी होती खुद्द भाग्यश्रीला. हा हट्ट नानांचा असता तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ही पोरगी दहावीपासून रोबोटचे व्हिडिओ बघते. तिने घरी पंख्याची मोटर आणि आईस्क्रीमच्या काड्या वापरून चिमटा बनवला होता, ज्याने वाटी उचलता येत होती. भरलेली नाही, रिकामी. तिला रोबोटिक्स हवं होतं आणि ते नाशिकच्या कॉलेजात नव्हतं. चार वर्षांचा खर्च वसतिगृह धरून अठरा लाख. सरकारी माफी तिथे लागू नव्हती.

अठरा लाख कुठून येणार, याचं उत्तर महेशरावांनी आणलं. महेशराव म्हणजे नानांचे साडू, यशोदाबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. प्लॉटची दलाली करतात. पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं, आणि कोणत्याही घरात शिरल्यावर आधी भिंतींची लांबी डोळ्यांनी मोजण्याची सवय. त्यांचा मुलगा साई त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे.

"दाजी, सहा गुंठ्यांना सव्वीस लाखांचं गिऱ्हाईक आहे माझ्याकडं," महेशराव म्हणाले होते. "पोरीचं भविष्य मोठं की झेंडू मोठा?"

नानांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी तो मला दोनदा ऐकवला. यशोदाबाईंना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. फक्त त्यांची आणि भाग्यश्रीची संमतीची सही लागणार होती, असं महेशरावांनी जाता जाता सांगितलं. यशोदाबाईंनी त्या आठवड्यातच दसरा-दिवाळीच्या शेवंतीची रोपं लावली होती.

नाशिकची जागा सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत पक्की करायची होती, नाहीतर ती गेली. म्हणून शनिवारी सगळे पुण्याजवळचं ते विद्यापीठ बघायला निघाले. गाडी माझी. नाना म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर आहात, बरोबर चला. चार प्रश्न विचारा त्यांना." तिथे पोचल्यावर ते हळूच म्हणाले, "गाडी जरा लांबच लावा. गेटसमोर नको."

गेट म्हणजे काय होतं! दोन मजली कमान, कारंजं, काचेची इमारत. आत शिरताच मोठ्या पडद्यावर भाग्यश्रीचं नाव झळकत होतं, 'स्वागत' असं लिहून. नानांनी पडद्यासमोर उभं राहून तीन फोटो काढले. तेवढ्यात पडद्यावरचं नाव बदललं आणि कुणा कोल्हापूरच्या मुलाचं आलं. चौथ्या फोटोत नाना त्याच्या नावाखाली उभे आहेत.

तेजस्विनी मॅडम म्हणून एक प्रवेश समुपदेशक आमच्यासाठी नेमल्या होत्या. वय माझ्याएवढंच. हातात टॅब, गळ्यात पट्टा, आणि बोलण्यात असा गोडवा की दातांना मुंग्या याव्यात.

"महेश सरांकडून आलात ना? त्यांच्या रेफरन्सची ही यंदाची चौथी फॅमिली! खूप सपोर्ट करतात ते आम्हाला."

"साडू आहेत आमचे," नाना अभिमानाने म्हणाले.

"वाव! सर, आज टोकन भरलंत तर पंचवीस हजारांची अर्ली बर्ड स्कॉलरशिप."

शिष्यवृत्ती हुशारीला मिळते असा माझा समज होता. इथे ती घाईला मिळत होती. मी प्लेसमेंटची यादी मागितली. त्यांनी टॅबवर सर्वांत मोठा पगार दाखवला. मी सर्वांत छोटा विचारला. "सर, आम्ही निगेटिव्ह डेटा मेंटेन करत नाही," त्या म्हणाल्या. इतकं प्रामाणिक उत्तर त्या इमारतीत दुसरं मिळालं नाही.

यशोदाबाई मध्येच उठून बाहेर गेल्या होत्या. काचेतून दिसत होतं, की त्या कारंज्याजवळच्या फुलांच्या वाफ्याशी वाकून काहीतरी बघतायत. नानांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हिला कुठंही न्या, ही मातीतच हात घालणार."

मग आम्हाला रोबोटिक्सची लॅब दाखवली. मधोमध एक नारंगी रोबोट उभा होता. माणसाएवढा उंच, एका हाताचा, कारखान्यात वेल्डिंगला असतो तसा. त्याच्याभोवती जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला. भिंतीवर सुरक्षिततेच्या सूचना. भाग्यश्रीच्या तोंडून 'आई गं' एवढंच निघालं. ती पट्ट्यापर्यंत जाऊन थांबली, देवळात उंबऱ्याशी थांबावं तशी.

"चालू करून दाखवता का?" तिने विचारलं.

"ॲक्चुअली, ऑपरेटर सर आज लीव्हवर आहेत."

"थोडासाच. नुसता हात वर केला तरी चालेल."

"कंट्रोलरची किल्ली सरांकडे असते ना, डिअर."

भाग्यश्रीने मान हलवली. पण ती हलली नाही. उभ्या उभ्या रोबोटकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मग खाली वाकली आणि म्हणाली, "पप्पा, याला बोल्ट नाहीत."

आम्ही बघितलं. असा रोबोट चालवायचा तर तो जमिनीत बोल्टने आवळावा लागतो. वजनदार हात झपाट्याने फिरतो, पायथा मोकळा असला तर सगळं धूड आडवं होईल. याच्या पायथ्याला आठ भोकं होती. आठही रिकामी. खाली जमिनीला भोक पाडल्याची खूणसुद्धा नव्हती. तो नुसता आणून ठेवला होता, फ्रीज ठेवतात तसा.

नाना गुडघ्यावर बसले. अठ्ठावीस वर्षांचा सराव होता, बोट आपोआप भोकात गेलं. भोकात रंग तसाच होता, कधी बोल्ट न लागलेला. त्यांनी पिवळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि बोट पिवळं झालं. रंग ओला होता. त्यांनी बोटाकडे बघितलं, मग रोबोटकडे, मग तेजस्विनी मॅडमकडे. मला वाटलं, आता आठ शब्दांत या बाईचा निकाल लागणार. अंबडच्या किती वर्कशॉपवाल्यांना या नजरेने घरी पाठवलेलं मी पाहिलं होतं.

नाना उठले. रुमालाने बोट पुसलं. म्हणाले, "मार्किंग छान केलंय. एरिया पण बरोबर सोडलाय. तयारी आहे यांची."

आणि त्यांनी फोन काढून तिथल्या तिथे दहा हजारांचं टोकन भरलं.

त्या क्षणी मला नानांचा जेवढा तिटकारा वाटला, तेवढा कुणाचाच वाटला नव्हता. त्यांना फसवलं असतं तर मी समजू शकलो असतो. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. त्यांना सगळं दिसलं होतं. ऑडिटची तयारी हा त्यांचाच धंदा होता, आणि समोरच्याने ती आपल्यापेक्षा सरस केलेली बघून त्यांना आदर वाटला होता. अठ्ठावीस वर्षं देखावा रचणाऱ्या माणसाला देखावा चांगला असणं म्हणजेच माल चांगला असणं वाटू लागलं होतं.

परतीच्या वाटेवर नारायणगावला चहाला थांबलो. मी न राहवून म्हणालो, "नाना, हा लॉट एखाद्या व्हेंडरचा असता तर तुम्ही गेटातून आत घेतला असता का?"

"व्हेंडर वेगळा, विद्यापीठ वेगळं."

"बोल्ट नव्हते नाना."

"आपल्याकडं ऑडिटच्या दिवशी काय असतं, तुम्हाला माहीत नाही का? म्हणून काय आपला माल विकला जात नाही? बोल्ट काय, उद्या लावतील."

"ते पण नाय लावणार," यशोदाबाई बशीतला चहा फुंकत म्हणाल्या. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य असावं. "झेंडू पिशवीसकट पुरलाय त्यांनी."

"काय?"

"वाफ्यातला झेंडू. नर्सरीची पिशवी फाडलीच नाय. तशीच मातीत गाडली. आठ दिवसांत पिवळा पडंल. त्यांना आठ दिवसच पाहिजे आसंल."

"आपण फुलं बघायला गेलो होतो का?" नाना ओरडले. टपरीवरचे लोक वळून बघू लागले, तेव्हा आवाज खाली आणून म्हणाले, "अठरा लाख घेणारे लोक आहेत ते. तुझ्या झेंडूवर चालतं का ते?"

यशोदाबाईंनी बशी रिकामी केली. भाग्यश्री गाडीतच बसून होती. तिला चहा नको होता. सिन्नर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली, मग कुणालाच न उद्देशून म्हणाली, "मला तो हलताना बघायचा होता."

रविवारी दुपारी नानांचा फोन आला. महेशरावांनी जमिनीच्या करारनाम्याचा मसुदा मोबाइलवर पाठवला होता आणि तो मी वाचून सांगावा, असं होतं. सोमवारी संध्याकाळी सह्या होणार होत्या. मी गेलो. मसुद्यात शेवंतीचा उल्लेख 'त्यावरील पिकांसह' या दोन शब्दांत होता. मी ते वाचलं तेव्हा यशोदाबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. "म्हंजे लावलेली रोपं पन?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

भाग्यश्री पलंगावर बसून फोनशी चाळा करत होती. अचानक ती म्हणाली, "मी साईदादाला विचारते."

"काय विचारायचं त्यात?" नाना म्हणाले. पण तोवर तिने फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

"बोल भागू! ऐकलं मी, येतेयस म्हणे आमच्याकडं," पलीकडून साई.

"साईदादा, तुमच्या त्या रोबोटवर प्रॅक्टिकल कधी असतं?"

"कुठल्या?"

"नारंगी. लॅबमध्ये मधोमध आहे तो."

साई हसायलाच लागला. "अगं तो! तो आमच्या लॅबचा नाहीच. ट्रॉलीवरून फिरतो तो. ॲडमिशनवाले आले की आमच्याकडं, इन्स्पेक्शन आलं की मेकॅनिकलला. आम्ही त्याला पाहुणा म्हणतो."

"पण चालू करतात ना?"

"मी तर नाही बघितला. ॲन्युअल डेला फेटा बांधला होता त्याला. फोटो पाठवू का?"

भाग्यश्रीचा आवाज बारीक झाला. "मग तू का शिकतोस तिथं?"

"मला दुसरीकडं कोण घेत होतं? आणि पप्पांना परवडतं गं. वर्षाला चार ॲडमिशन दिल्या की माझी फी माफ. तीन झाल्यात, तुझी चौथी. ये तू बिनधास्त. कँटीन मस्त आहे."

भाग्यश्रीने फोन ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडली नाही. मी नानांकडे बघितलं. नाना छताकडे बघत काहीतरी विचार करत होते. मला वाटलं, साडूने आपल्या पोराच्या फीसाठी आपली जमीन आणि आपली पोरगी लावली, याचा हा संताप असेल.

"चार दिल्या की माफ," नाना सावकाश म्हणाले. "म्हणजे किमतीत जागा आहे. महेशराव बोलले नाहीत आपल्याला. थेट डीनला भेटलं तर पाच-सहा लाख सहज सुटतील."

यशोदाबाई चौकटीतून आत आल्या. "आन मंग आपन कोनाची पोरं नेऊन घालायची तिथं?" त्यांनी विचारलं. "तुमच्या भावाची का इंजिनिअर दादांची?"

नाना पुन्हा छताकडे बघू लागले.

"भागे," यशोदाबाई म्हणाल्या, "तुला जायचंय का तिथं? जायचं आसंल तर आत्ता सांग. मी सही करते. रडत करनार नाय."

हे त्या खरंच बोलत होत्या. एवढं सगळं ऐकल्यावरही ही बाई पोरीने हो म्हटलं असतं तर सहा गुंठ्यांवर पाणी सोडायला तयार होती. भाग्यश्रीने बराच वेळ फोन हातात फिरवला. तिला रोबोटिक्स हवं होतं, ते अजूनही हवंच होतं. चुकीच्या ठिकाणी गेलं म्हणून मागणं चूक होत नाही. नाशिकच्या कॉलेजात ते नव्हतं हेही खरं होतं.

"नको," ती शेवटी म्हणाली. "मेकॅनिकल करते. रोबोट नंतर बघू. पप्पा, सीट घेते मी. तुमच्या फोनवर ओटीपी येईल, सांगा."

ओटीपी आला. नानांनी तो वाचला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

"सांगा ना पप्पा."

"लोकं काय म्हणतील? मौल्यांनी पोरीला फुकटात टाकलं."

"पप्पा, दोन मिनिटांत जातो तो."

दोन मिनिटं गेली. ओटीपी गेला. भाग्यश्रीने दुसरा मागवला. फोन पुन्हा थरथरला. यशोदाबाई नवऱ्यासमोर जमिनीवर बसल्या, अगदी शांतपणे. "अहो, सांगा की तिला."

नानांनी फोन सुलटा केला आणि एकेक आकडा असा सांगितला, जणू त्यांच्याच दाढा उपटल्या जात होत्या.

सोमवारी सकाळी कॉलेजात कागद जमा करायला मीही गेलो, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. जुनी दगडी इमारत, जिन्याला तेलकट कठडा. मागच्या वर्कशॉपमधून लेथचा आवाज येत होता आणि यंत्रं थंड ठेवणाऱ्या कुलंटचा तो आंबूस वास. भाग्यश्री आवाजाच्या दिशेने मान वळवून उभी होती. नानांनी नाक मुरडलं. "रंग तरी द्यायचा."

खिडकीतल्या कारकुनाने कागद मागितले. "उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर."

"फी किती असते इथं?" नानांनी विचारलं. "म्हणजे ज्यांना भरायची असते त्यांना?"

"एक लाख अडतीस. तुम्हाला माफ आहे."

"आम्ही भरतो."

कारकुनाने मान वर केली. "कशाला?"

"आमची ऐपत आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. भाग्यश्रीने ओढणी तोंडावर घेतली. कारकून पन्नाशीचा, अशी माणसं पाहून कंटाळलेला होता. "काका, ऐपत घरी ठेवा. इथं दाखला द्या. मागं लाइन आहे."

दाखले यशोदाबाईंच्या पिशवीत होते. त्यांनी ते एकेक करून खिडकीत सरकवले. किरकोळ शुल्काचे काही हजार भरायचे होते. ते भरण्यासाठी मात्र नाना सगळ्यांना बाजूला सारून पुढे आले, आणि पावती चार घड्या घालून मायक्रोमीटरच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणी विचारलं तर दाखवायला. ती त्यांनी दाखवलीही, आकड्यावर अंगठा ठेवून.

आम्ही व्हरांड्यात भाग्यश्रीला आत बोलावण्याची वाट बघत होतो, तेव्हा महेशरावांचा फोन आला.

"हां महेशराव," नाना उठून थोडे लांब गेले, पण त्यांचा आवाज लांब जाणारा नव्हता. "नाही नाही, विद्यापीठ चांगलंच आहे. प्रश्नच नाही. जमिनीचा भाव पटला नाही जरा. हो, बघू ना. पुढच्या वर्षी चांगलं गिऱ्हाईक आणा, मग…"

यशोदाबाई गेल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या कानावरचा फोन काढून घेतला.

"महेशराव, मी बोलते. जमीन विकायची नाय. यंदा नाय, पुढच्या साली नाय. भावाचा इषयच नाय. आन ते टोकनचे दहा हजार तुम्हीच मागून आना तिथून. तुमची वळख हाय ना चांगली? तीन पोरं दिलीत तुम्ही त्यांना." पलीकडून काहीतरी बोलणं आलं. यशोदाबाईंनी ते ऐकून घेतलं. "बहिनीला इचारलंय म्हनून सांगा," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

"अगं, साडू आहेत ते माझे," नाना म्हणाले. "असं तोडून बोलतात का?"

आतून शिपायाने हाक मारली, "मौले भाग्यश्री खंडेराव! पालकाची सही पाहिजे."

"तुम्ही जाता का मी जाऊ?" यशोदाबाईंनी विचारलं.

नानांनी कॉलर सारखी केली आणि आत गेले.